खालची वीट

शालिकराम बोरकुटे खुर्चीत बसले, शर्टाच्या खिशातून आगपेटी काढली आणि अर्धी सरकवून माझ्यापुढे धरली. आत कापसावर तांदळाच्या कणीएवढा पांढरट तुकडा होता.

"पडलं," ते म्हणाले. "मंगळवारी सकाळी. भाकर नाई, काई नाई. नुसती चूळ भरली आन् हातात आलं."

दाराशी त्यांची बायको कौतिकाबाई पाण्याची बाटली घेऊन उभी होती. "बिडी सुटली, खर्रा सुटला," ती म्हणाली, "पन बुढ्याची आगपेटी काई सुटत नाई."

ही तिसरी आगपेटी. आधीच्या दोन माझ्या खणात होत्या, वर तारखांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. मी आरसा घालून तोंडात पाहिलं, तक्ता उघडला, 'सहावा महिना, उजवी बाजू' या ओळीत एका चौकोनात 'नाही' लिहिलं आणि डाव्या बाजूच्या चारही चौकोनांत 'आहे' लिहिलं. या सगळ्याला मला अर्धं मिनिट लागलं असेल.

हे १९९८ सालच्या फेब्रुवारीतलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि चिपळूणहून नागपूरला येऊन दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होते. किरणोपचार झालेल्या दातांवर भरलेलं सिमेंट किती धरतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय.

विषय ऐकायला किरकोळ वाटतो. पण त्या भागात सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा माणसं दिवसभर गालात धरतात, आणि आमच्याकडे गालाच्या कॅन्सरचे रुग्ण रोज येत. कोबाल्टच्या यंत्राखाली महिना-दीड महिना किरणं घेतली की पुष्कळांची गाठ जायची, माणूस वाचायचा. पण लाळ सुकायची. लाळ नसली की दात हिरडीलगत कुजू लागतात, कुऱ्हाडीने बुंध्यात घाव घालावेत तसे. एरवी असा दात आम्ही काढून टाकतो. इथे तो रस्ता बंद. किरणं लागलेल्या जबड्यातला दात काढला तर जखम भरत नाही, हाड उघडं पडतं आणि कुजत जातं. मी असा एक जबडा पाहिला होता. त्या माणसाच्या हनुवटीखाली भोक पडलं होतं आणि प्यालेलं पाणी तिथून गळायचं.

म्हणून आहे तो दात ठेवायचा, आणि ठेवायचा तर भरायचा. पण भरलेलं धरत नाही, ही अडचण. किरणांनी दाताच्या आतली बारीक तंतूंची वीण विस्कटते, आणि आमचं चिकटणारं द्रव्य नेमकं त्याच विणीत रुजून दाताला धरत असतं.

माझ्या पाहणीत अठरा रुग्ण होते. प्रत्येकाच्या उजव्या बाजूच्या दातांत जुन्या पद्धतीचं, भुकटी आणि द्रव कालवून केलेलं पांढरं सिमेंट भरायचं. डाव्या बाजूला नवं, निळ्या प्रकाशाने कडक होणारं कॉम्पोझिट. दर महिन्याला बोलवायचं आणि काय पडलं, काय उभं आहे ते लिहायचं. उजवीकडचं पडलं तर तिथे पुन्हा तेच सिमेंट लावून द्यायचं आणि पडल्याची नोंद करायची. सहा महिन्यांनी जे कमी टिकलं ते सगळ्यांच्या तोंडातून काढून त्या जागी जास्त टिकलेलं भरायचं. तक्ता माझे मार्गदर्शक डॉ. खानझोडे यांनी स्वतःच्या हाताने आखून दिला होता. निवृत्तीला दीड वर्ष उरलेला, कमी बोलणारा माणूस. "दिसेल तेवढंच लिहायचं," एवढंच त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

बोरकुटे भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे. पेशाने गवंडी. खालच्या जबड्यात त्यांचे आठ दात उरले होते, चार इकडे, चार तिकडे. मागचे सगळे किरणांआधीच काढलेले. सहा महिन्यांपूर्वी मी ते आठही दात भरले तेव्हा दोन दिवस लागले होते, आणि त्या दोन दिवसांत त्यांनी माझं काम माझ्याहून नीट समजून घेतलं होतं. कॉम्पोझिट लावण्याआधी दातावर आम्ही सौम्य आम्ल लावतो. ते कशाला, असं त्यांनी विचारलं. गुळगुळीत जागा खरखरीत होते, मग द्रव्य तिथे रुतून बसतं, असं मी सांगितलं. ते हसले. म्हणाले, हे तर टाचे मारणं झालं. जुन्या गुळगुळीत भिंतीला छिन्नीने बारीक खाचा पाडल्याशिवाय गिलावा धरत नाही, तसंच. मग तोंड कोरडं का करता, भिंत तर भिजवावी लागते, असंही त्यांनी विचारलं, आणि त्याचं उत्तर देताना मला दोनदा थांबावं लागलं.

तेव्हापासून माझ्या दोन द्रव्यांना त्यांनी आपली नावं दिली होती. "तुमचं जे सिमेंट हाये नं, थे आमचा चुना. आन् तुमचं निळ्या लाइटचं, थे आमचं सिमेंट." कौतिकाबाई तिथेच होती. ती म्हणाली होती, चुन्याचं नाव काढू नका, चुन्यानंच गाल खाल्ला. त्यावर ते म्हणाले होते, "चुना भिंतीले चांगला असते, गालाले नाई. माहीच जागा चुकली."

तर त्या दिवशी सहावा महिना पुरा झाला होता. अठरा जणांचे आकडे माझ्याकडे जवळजवळ पूर्ण आले होते आणि उत्तर स्पष्ट होतं. उजवीकडचं सिमेंट जागोजागी पडलं होतं; डावीकडचं कॉम्पोझिट बहुतेक सगळं उभं होतं. आजपासून उजव्या बाजू बदलायच्या होत्या, आणि पहिले बोरकुटे. मी त्यांना सांगितलं, तुमचा आगपेटीचा त्रास आज संपेल. चारही दात घासून, थोडी जुनी जागा खरवडून, तिकडच्यासारखं पक्कं करून देते. दिवा ओढला, दात कोरायच्या यंत्राला घासणीचं टोक लावलं. पायाखालचं बटण दाबणार तेवढ्यात त्यांनी डावा हात वर केला.

दुखलं की डावा हात वर करा, ही खूण मीच त्यांना शिकवलेली.

"अजून सुरूच केलं नाही," मी म्हटलं.

"म्हनूनच केला वर."

ते उठून बसले. कौतिकाबाईने न सांगता बाटली पुढे केली. जीभ टाळूला चिकटायची म्हणून त्यांना दर दोन वाक्यांना घोट लागे. आपल्या नवऱ्याचं भाषण आता घोटाघोटाने चालणार हे तिला ठाऊक असावं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"पडलं तिथची वीट पाहिली काय, डाक्टरीन बाई?"

मी म्हटलं, पाहिलं की. तिथे काही उरलेलं नाही, म्हणूनच तर 'नाही' लिहिलं.

"गिलावा पडला थे पाहिलं तुमी. मी विटेचं इचारून राह्यलो."

बाहेर बाकावर पाच रुग्ण थांबले होते. खरं सांगायचं तर मी ऐकत होते ते एवढ्यासाठी की ते बोलून मोकळे झाले की मला काम करता येईल.

त्यांनी पवनीच्या घाटावरच्या एका लहान देवळाचं सांगितलं. वैनगंगेचं पाणी दर वर्षी त्याच्या भिंतीला गुडघ्याएवढं चढायचं. भिंतीला चुन्याचा गिलावा होता, आणि तो चार-पाच वर्षांनी खालच्या अंगाला पडायचाच. पडला की बोरकुट्यांचा बाप जाऊन नवा लावायचा, पुढे ते स्वतः लावू लागले. मग गावात कोणी म्हणालं, हे कायमचं का करत नाही, आणि सगळी भिंत सिमेंटने पक्की करून घेतली. ते कामही बोरकुट्यांनीच केलं होतं. सात वर्षं भिंतीला चरा गेला नाही. लोकांनी त्यांची पाठ थोपटली. आठव्या वर्षी एक म्हातारी दर्शन घेऊन उठताना भिंतीला टेकली आणि खांद्याएवढा पापुद्रा तिच्याशेजारी खाली आला.

"सिमेंट अख्खं होतं. तडा नाई. मांगची वीट मातर…" त्यांनी चिमूट चोळून दाखवली. "ओलीचा खार, ओलीचा खार, लोणा लागला होता. पीठ झालं होतं विटेचं. सात वर्सं मी रोज त्या भितीसमोरून जाऊन राह्यलो होतो, आन् भित उभी हाये म्हनून खुश होऊन राह्यलो होतो."

घोट घेतला.

"चुना पडते, बाई. पन पडते तवा विटेचं वाईट करून पडत नाई. तुमी आदी वीट पाहा. मंग घासा."

मी वाद घातला नाही. वाद घालण्यापेक्षा पाहून दाखवणं लवकर होईल, असं वाटलं. हवेने ती जागा कोरडी केली, दिवा जवळ घेतला आणि प्रोब, म्हणजे आमची बारीक वाकडी टोकदार सळई, पडलेल्या जागी टेकवला.

टोक सरकलं. कुठेच रुतलं नाही. मी जरा दाबून पुन्हा फिरवलं. जागा तपकिरी होती, पण झिलई आलेली, आणि टोकाचा आवाज काचेवरून यावा तसा आला. मी हातमोजा काढून त्यांचा सहा महिन्यांपूर्वीचा कागद शोधला. त्याच दातासमोर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'मऊ'.

आधीचे दोन दातही पाहिले. ते मी पडल्यावर घाईघाईने पुन्हा भरून दिले होते. कापूस, हवा, सिमेंट, झालं. त्यांच्या कडेकडेने प्रोब फिरवला. कडा कडक होत्या.

"आता तिकडचं पाहा," बोरकुटे म्हणाले.

"तिकडचं उभं आहे."

"उभं हाये थे मलेबी मालूम हाये. थंड पानी लागलं का तिथं ठनकते. पंधरा दिवस झाले."

पंधरा दिवस झाले तर सांगितलं का नाही, असं मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण कौतिकाबाईने वर पाहिलं.

"तुमी इचारलं नाई," ते शांतपणे म्हणाले. "तुमी दर येळी इचारता, पडलं काय. आता पडलं तर नाई."

त्यांनी बोट ठेवलं तो डावीकडचा सुळा होता. आरशात तो चारही दातांत सगळ्यात सुंदर दिसत होता. माझं काम, दाताच्या रंगाशी रंग जुळवलेलं, चकचकीत. मी प्रोब खालच्या कडेला, हिरडीलगत नेला. टोक आत गेलं. ओल्या चामड्यात जावं तसं गेलं आणि मी ओढलं तेव्हा क्षणभर धरून राहिलं.

एक्स-रे काढला. डेव्हलपरच्या डब्यात हात घालून उभी असताना मी आकडे मोजत होते ते आठवतं; वीस सेकंद, तीस सेकंद. ओला फोटो प्रकाशासमोर धरला. भरलेल्या भागाच्या खाली काळी सावली होती आणि तिच्या आणि नसेच्या मध्ये जेमतेम केसाएवढी पांढरी रेघ उरली होती. ती रेघ गेली की नस सडणार, मुळाशी पू होणार. किरणं लागलेल्या त्या जबड्यात मग एक तर दात काढावा लागणार, किंवा पू स्वतःच हाडात उतरणार. मला त्या माणसाची हनुवटी दिसली, पाणी गळणारी.

मी डॉ. खानझोड्यांच्या खोलीत गेले. काय बोलले ते आठवत नाही. फोटो पुढे केला एवढं आठवतं. ते आले, हातमोजे घातले, स्वतः प्रोब घेऊन सुळ्याच्या कडेला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग डावीकडचे बाकीचे तीन पाहिले. आणखी एकात टोक रुतलं. मग उजवीकडचे चार.

"हा सुळा उघडा," ते मला म्हणाले.

मी आकडी लावून हलकेच उचकलं. कॉम्पोझिट तुटलं नाही, चुरा झाला नाही. अख्खं, नखासारखं, एका झटक्यात निघून आलं. खाली सगळं ओलं आणि मऊ होतं. ते दाताला धरून नव्हतंच. कडेला कुठेतरी, किरणांनी विस्कटलेल्या विणीपाशी, केसाएवढी फट पडली होती आणि वरचं नुसतं उभं होतं. सहा महिने मी त्या चौकोनात 'आहे' लिहीत होते.

दीड तास लागला. नसेजवळचा पातळ थर तसाच ठेवून बाकीचं बारीक चमच्यासारख्या हत्याराने खरवडून काढायचं होतं. एक खरवड जास्त झाली असती तर नस उघडी पडली असती. सरांनी लाळ ओढायची नळी स्वतः धरली. त्या तोंडात ओढायला लाळ नव्हती, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं. बोरकुट्यांनी एकदाही हात वर केला नाही. शेवटी मी सरांकडे पाहिलं, काय भरू म्हणून.

"त्यांचा चुना भरा," सर म्हणाले.

मी काचेवर भुकटी आणि द्रव कालवले. भरून झालं, तेव्हा सर स्टुलावर बसून बोरकुट्यांना नेहमीचे प्रश्न विचारू लागले. पाणी किती पिता, तोंड कितीदा धुता, आम्ही दिलेली जेली रोज रात्री दातांना लावता ना. ती फ्लोराइडची जेली मी दर महिन्याला एक ट्यूब त्यांना देत असे. दात कडक राहावेत म्हणून. बोरकुट्यांनी मान डोलावली. माझ्या तक्त्यातही सहा वेळा 'होय' होतं.

कौतिकाबाई उठून उभी राहिली.

"खोटं नोका बोलू आता," ती म्हणाली. "एवढा मोठा डाक्टर हातात नळी धरून बसला तुमच्यासाटी." मग सरांकडे वळून, "एक डाव लावली यानं. तोंडात आग झाली म्हने. तवापासून साऱ्या टूबा देवापाशी ठेवल्या हायेत. मॅडमनं प्रेमानं देल्ल्या, फेकाव कशा म्हनते."

बोरकुटे पहिल्यांदाच ओशाळले. म्हणाले, जीभ भाजल्यासारखी झाली होती. आणि नाही म्हटलं असतं तर बाईला वाईट वाटलं असतं.

सरांनी हातमोजे काढले. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "जेली नाही, लाळ नाही. मग उजवीकडचं कडक कशाने झालं?"

याचं उत्तर मला येत होतं. पुस्तकात त्यावर एक ओळ होती, ती मी परीक्षेसाठी पाठ केली होती. ते जुनं सिमेंट मुळात फ्लोराइड धरून असतं आणि थोडं थोडं दाताला देत राहतं. कोरड्या तोंडात ते स्वतः झिजतं, भेगाळतं, पडतं. पण पडेपर्यंत द्यायचं ते देऊन गेलेलं असतं. ओळ पाठ होती. तक्त्यात मात्र तिच्यासाठी जागा नव्हती, आणि जागा नव्हती म्हणून मी सहा महिने त्या दातांना हात लावूनही पाहिलं नव्हतं.

मी उत्तर दिलं. सरांनी तक्ता मागितला, खिशातून पट्टी काढली, शेवटच्या रकान्याच्या बाहेर समासात एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं: 'खाली काय?'

"हा रकाना मी आखायला पाहिजे होता," ते म्हणाले. "अठराही जणांना या आठवड्यात बोलवा. आणि जेलीचं जसं आहे तसं लिहा."

मग बोरकुट्यांच्या खांद्यावर हात ठेवून ते निघून गेले.

त्या दिवशी मी बोरकुट्यांचे आभार मानले नाहीत. सुळ्याकडे लक्ष ठेवा, ठणका वाढला तर थांबू नका, टोक रुतलं तो दुसरा दात पुढच्या आठवड्यात उघडू, असं सांगितलं. ते जाताना दारात थांबले आणि खणाकडे बोट दाखवून म्हणाले, त्या आगपेट्या फेकू नका. त्या चांगल्याच्या खुणा आहेत.

संध्याकाळी मी पोस्टात जाऊन कार्डं आणली आणि बसून सतरा पत्ते लिहिले. पंधरा जण आले. उजवीकडे ज्यांचं पडलं होतं, त्यांच्यातल्या एकाच्याही दाताला त्या जागी नवी कीड नव्हती. डावीकडे, उभं असलेल्यांच्या खाली, सहा जणांना होती. सहापैकी पाच दात आम्हाला वेळेत सापडले. एका बाईंचा नाही सापडला. पुढे त्यांच्या जबड्याचं जे झालं ते मी कधी विसरले नाही, आणि त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही.

बोरकुट्यांच्या सुळ्याचं दोन महिने काही कळणार नव्हतं. एप्रिलमध्ये ते आले, खुर्चीत बसले, खिशात हात घातला आणि मला वाटलं, आगपेटी निघणार. त्यांनी रुमाल काढला, घाम पुसला आणि हसले. थंड पाणी लावून पाहिलं. ठणका नव्हता. फोटोतली केसाएवढी पांढरी रेघ थोडी जाड झाली होती. दाताने आतून आपली भिंत पुन्हा बांधायला घेतली होती.

प्रबंध सहा महिने उशिरा दिला. पहिल्या पानावर आभारात मी सरांचं नाव सर्वांत वर लिहिलं होतं. त्यांनी ते पान परत पाठवलं; बाजूला पेन्सिलीने 'माझ्या नावाआधी बोरकुट्यांचं लिहा' असं लिहून. छापून झाल्यावर त्या पानाची एक प्रत मी बोरकुट्यांना दिली. त्यांनी ती उलटी-सुलटी करून पाहिली, त्यात त्यांचं नाव कुठे आहे ते विचारून घेतलं, तिथे अंगठ्याने दाबलं आणि घडी घालून आगपेटीच्या खिशात ठेवली.

त्यानंतर अकरा वर्षं ते येत राहिले. आधी दर महिन्याला, मग तीन महिन्यांनी. पडलं की आगपेटी घेऊन. मी पाहायची, प्रोब फिरवायची, पुन्हा भरायची. त्या अकरा वर्षांत मी शिकवू लागले, माझी स्वतःची खोली झाली, खण मोठा झाला. २००९ सालच्या थंडीत ते आले नाहीत. त्यांच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेले होते. हृदय थांबलं, बाकी काही नाही.

मला पवनीला जायला पुढे दीड वर्ष लागलं. घराचं छप्पर पत्र्याचं होतं, पण भिंतींना चुन्याचा गिलावा होता आणि आत गार होतं. कौतिकाबाईने मला ओळखायला वेळ लावला नाही. चहा दिला आणि नेहमीच्या आवाजात सांगू लागली.

"आठी दात घेऊन गेला बुढा. आदल्या राती फुटाने खाल्ले. भिजवून खाल्ले, पन चावून खाल्ले. मी म्हटलं, आता या वयात कोनाले दाखवता दात? तर म्हने, डाक्टरीन बाईले."

कोनाड्यात देव होते. त्यांच्यामागे काचेच्या चौकटीत माझ्या प्रबंधाचं ते पान होतं, घड्यांच्या रेघांसकट. आणि त्याच्या शेजारी, ओळीने उभ्या केलेल्या, कुंकू लावलेल्या, जेलीच्या सहा ट्यूबा.

मी तिच्याकडे घाटावरच्या देवळाचं विचारलं. ती मला घेऊन गेली. पायऱ्या उतरताना तिने माझा हात धरला होता. कोण कोणाला सांभाळतंय ते कळत नव्हतं. ती पोखरलेली भिंत बोरकुट्यांनी नंतर नव्याने उभी केली होती, चुन्यात. गेल्या पावसाळ्यातलं पाणी तिथे चढून गेल्याची खूण दिसत होती, आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन तळहातांएवढा गिलावा पडला होता.

"पडला नं," कौतिकाबाई म्हणाली. "आता पोरगा लावन. यानं शिकवून ठेवलं हाये त्याले."

मी खाली बसले. उघड्या पडलेल्या विटेवरची धूळ फुंकरीने उडवली आणि अंगठ्याच्या नखाने जोर देऊन आडवी रेघ ओढली. नख सरकलं. विटेवर काही उमटलं नाही. मी शेजारच्या विटेवर ओढली, मग तिच्या खालच्या. डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला पुढची वीट नीट दिसेना.

"काय पाहता, मॅडम?"

"वीट."

"थे पाहाले कोनी येत नाई," ती म्हणाली, आणि पदराखालची पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली.